उलाढाल किती झाली? आधी सांगा, मोजलं काय

बाजार साडेतीनला बंद होतो आणि संध्याकाळी एनएसई आणि बीएसई या दोन शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर त्या दिवसाची भावकॉपी, म्हणजे सगळ्या शेअरच्या भावांची फाइल, येते. एका शेअरची एक ओळ. उघडला कितीला, वर कुठे गेला, खाली कुठे आला, बंद कितीला झाला, एवढं कुणालाही कळतं. त्यांच्या उजवीकडे आणखी तीन-चार रकाने असतात: किती शेअर फिरले, किती रुपयांचे फिरले, किती सौद्यांत फिरले आणि त्यातले किती खरोखर एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात गेले. 'व्हॉल्यूम जबरदस्त आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'कसला व्हॉल्यूम?' असं उलट विचारलं की बरेच जण अडखळतात. मीही बरीच वर्षं अडखळत होतो.

घोळ मराठीत जरा जास्तच आहे, कारण 'उलाढाल' हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो. 'कंपनीची उलाढाल ५०० कोटी' याचा अर्थ कंपनीनं वर्षभरात ५०० कोटींची विक्री केली. 'कंपनीच्या शेअरमध्ये ५०० कोटींची उलाढाल' याचा अर्थ तिचे शेअर लोकांनी आपापसात ५०० कोटी रुपयांना घेतले-विकले. त्यातला एक रुपयाही कंपनीला मिळाला नाही. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं या दुसऱ्या अर्थाबद्दल आहे.

तीन सौद्यांचा दिवस

समजा एका शेअरमध्ये दिवसभरात तीनच सौदे झाले. २०० शेअर १५० रुपयांना, ५० शेअर १५४ ला आणि २५० शेअर १४८ ला. व्हॉल्यूम म्हणजे शेअरची बेरीज: ५००. उलाढाल म्हणजे प्रत्येक सौद्याचा भाव गुणिले संख्या, आणि मग त्यांची बेरीज: ३०,००० अधिक ७,७०० अधिक ३७,०००, म्हणजे ७४,७०० रुपये. सौद्यांची संख्या ३.

आता उलाढालीला व्हॉल्यूमनं भागा. १४९ रुपये ४० पैसे येतात. हाच त्या दिवसाचा भारित सरासरी भाव, ज्याला बाजारात सगळे 'व्हीवॅप' म्हणतात. तीन भावांची साधी सरासरी काढली असती तर १५० रुपये ६७ पैसे आली असती, कारण १५४ चा भाव त्यात इतरांच्या बरोबरीनं धरला गेला असता. प्रत्यक्षात त्या भावाला फक्त ५० शेअर फिरले होते. उलाढालीच्या रकान्याचा मला दिसणारा सर्वात मोठा उपयोग हाच आहे. उच्चांक १५४ दिसतो, पण दिवसभरातला सरासरी पैसा १४९.४० ला लागलेला असतो. ज्या दिवशी शेअर 'दहा टक्के उसळला' म्हणून गाजावाजा होतो, त्या दिवशी हा भागाकार करून पाहावा. कधी कधी उच्चांकाच्या आसपास जेमतेम चार शेअर फिरलेले असतात.

बंद भावातही हेच तत्त्व वापरलेलं असतं. आपल्या रोख बाजारात, म्हणजे जिथे खुद्द शेअर घेतले-विकले जातात तिथे, वर्षानुवर्षं बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा कधीच नव्हता. तो तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा भारित सरासरी भाव असे. म्हणून पडद्यावर शेवटचा भाव एक आणि बंद भाव दुसरा दिसायचा, आणि नवीन माणूस हमखास विचारायचा, 'यातला खरा कोणता?'

एकदा की दोनदा?

प्रत्येक सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतो. ३०,००० रुपयांचा सौदा झाला की एक्स्चेंज तो एकदाच मोजतं, ३०,००० म्हणून. पण घेणाऱ्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे दलालाकडून मिळणाऱ्या सौद्याच्या पावतीवर, ३०,००० ची उलाढाल लागते आणि विकणाऱ्याच्याही. कॉन्ट्रॅक्ट नोटच्या तळाशी 'सेबी टर्नओव्हर फी' (सेबी म्हणजे बाजाराची नियामक संस्था) अशी बारीक ओळ असते, कोटीला १० रुपये दरानं. ती दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. सगळ्या ग्राहकांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट गोळा करून बेरीज केली तर ती एक्स्चेंजच्या उलाढालीच्या दुप्पट भरेल. त्यामुळे बाजारात परदेशी संस्थांचा वाटा किती, किरकोळ गुंतवणूकदारांचा किती, असे तक्ते वाचताना भागाकार कशानं केला आहे ते पाहावं लागतं: एकेरी उलाढालीनं की खरेदी अधिक विक्रीच्या दुहेरी आकड्यानं. अमेरिकेतही हा जुना वाद आहे. नॅस्डॅकवर पूर्वी बहुतेक व्यवहार मधल्या डीलरमार्फत होत. तो एकाकडून घ्यायचा आणि दुसऱ्याला विकायचा, म्हणजे एका हस्तांतरणाचे दोन सौदे मोजले जायचे. त्यामुळे नॅस्डॅक आणि न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज यांचे व्हॉल्यूम शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं ठरे.

याच्याच जवळचा एक गैरसमज. 'आज घेणारे जास्त होते म्हणून भाव वाढला.' झालेल्या सौद्यांत घेतलेले आणि विकलेले शेअर नेहमी सारखेच असतात, एकही कमी-जास्त नाही. फरक घाईत असतो. घेणारा वरच्या भावाला जाऊन घ्यायला तयार असेल तर भाव चढतो, विकणारा खाली येऊन द्यायला तयार असेल तर उतरतो. आणि चार्टच्या तळाशी दिसणारे हिरवे-लाल व्हॉल्यूमचे खांब? हिरवा खांब म्हणजे 'खरेदीचा व्हॉल्यूम' असं समजणारे मला दर महिन्याला भेटतात. तो रंग फक्त भाव वर बंद झाला की खाली, एवढंच सांगतो. खांबातले सगळे शेअर कुणीतरी घेतलेलेही असतात आणि कुणीतरी विकलेलेही.

शेअर मोजावेत की रुपये

१३ जून २०२३ ला एमआरएफच्या शेअरनं एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या सुमाराला वोडाफोन आयडियाचा शेअर दहा रुपयांच्याही खाली होता. एक एमआरएफ विकून वोडाफोन आयडियाचे दहा हजारांहून जास्त शेअर आले असते. एमआरएफचे दहा हजार शेअर फिरले की शंभर कोटींची उलाढाल होते. आठ रुपयांच्या शेअरला तेवढ्यासाठी साडेबारा कोटी शेअर फिरवावे लागतात. रोज संध्याकाळी 'सर्वाधिक व्हॉल्यूमचे दहा शेअर' अशी जी यादी फिरते, ती बरीचशी स्वस्त भावाच्या शेअरची यादी असते. दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना करायची असेल तर रुपये पाहावेत. एकाच कंपनीची कालची आणि आजची तुलना करायची असेल तर शेअर पाहिले तरी चालतात.

'तरी चालतात' म्हणालो खरा, पण तिथेही एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलो आहे. एकदा एका शेअरचा व्हॉल्यूम रोजच्या दहापट झालेला दिसला. दोन दिवस तसाच राहिला. मी मोठ्या उत्साहानं कारण शोधायला लागलो: कोण घेतंय, काय बातमी आहे? बातमी एवढीच होती की दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे एक रुपयाचे दहा झाले होते. २,००० चा शेअर २०० चा झाला, रोज एक लाख फिरत होते ते दहा लाख फिरू लागले, आणि उलाढाल होती तेवढीच, वीस कोटी. उलाढालीच्या रकान्याकडे पाहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते. जुन्या भावकॉप्यांमध्ये विभाजन किंवा बोनसनंतर मागचे आकडे कुणी दुरुस्त करत नाही. त्या दिवशी जे होतं ते तसंच राहतं. चार्ट दाखवणारे मागचे भाव दुरुस्त करतात, व्हॉल्यूम करतातच असं नाही.

एककांचा घोळ तर आणखी खालच्या पातळीवरचा. एनएसईच्या डिलिव्हरीसह येणाऱ्या भावकॉपीत उलाढाल लाखांत असते. रकान्याच्या नावातच 'लॅक्स' लिहिलेलं आहे, पण नाव वाचतो कोण? बीएसईच्या फायलीत ती रुपयांत असे. मी एकदा दोन्ही फायली जोडून बेरीज केली, तेव्हा बीएसईची उलाढाल एनएसईच्या कैक हजार पट आली. रोख बाजारात एनएसई बीएसईपेक्षा कितीतरी मोठं आहे हे माहीत असूनही पाच मिनिटं मला मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. त्यात जुलै २०२४ मध्ये दोन्ही एक्स्चेंजच्या भावकॉप्यांचा साचा बदलला, रकान्यांची नावं बदलली. जुन्या आणि नव्या फायली एकत्र वापरणाऱ्यानं प्रत्येक रकान्याचा एकक हातानं तपासावा, दुसरा उपाय नाही.

शिवाय बहुतेक ॲप एका वेळी एकाच एक्स्चेंजचा आकडा दाखवतात. पूर्ण चित्र हवं असेल तर दोन्ही जोडायचे. गमतीचा अपवाद खुद्द बीएसईचा: एक्स्चेंजला स्वतःचा शेअर स्वतःकडे नोंदवता येत नाही, म्हणून बीएसई कंपनीचा शेअर २०१७ पासून एनएसईवर नोंदलेला आहे.

सौद्यांची संख्या हा रकाना सगळ्यात दुर्लक्षित. उलाढालीला त्यानं भागलं की सौद्याचा सरासरी आकार मिळतो. दोन शेअरमध्ये प्रत्येकी पाच कोटींची उलाढाल झाली. एकात दहा हजार सौदे, दुसऱ्यात चाळीस. पहिल्याचा सरासरी सौदा ५,००० रुपयांचा, दुसऱ्याचा साडेबारा लाखांचा. हे दोन दिवस एकसारखे कसे मानायचे? दुसऱ्यात बहुधा मोजक्या मोठ्या हातांनी शेअर बदलले. तसं असेल तर त्याच दिवसाच्या बल्क आणि ब्लॉक डीलच्या याद्या पाहाव्यात. एकाच ग्राहकानं एका दिवसात कंपनीच्या नोंदलेल्या शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त घेतले किंवा विकले तर तो बल्क डील, आणि त्याची नावासह माहिती जाहीर होते. ब्लॉक डीलसाठी सकाळी बाजार उघडण्याआधी आणि दुपारी अशा दोन छोट्या खिडक्या ठेवल्या आहेत. तिथे आधीच ठरलेला मोठा सौदा होतो. प्रवर्तकानं किंवा एखाद्या फंडानं हिस्सा विकला की दिवसाचा व्हॉल्यूम एकदम फुगतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर येतो. त्याला 'लोकांचा रस वाढला' म्हणणं म्हणजे एका लग्नाच्या वरातीवरून रस्त्याची रोजची रहदारी ठरवणं.

डिलिव्हरीची टक्केवारी

हा रकाना मराठी गुंतवणूकदारांचा फार लाडका आहे, आणि माझ्या मते त्याचाच सर्वात जास्त चुकीचा अर्थ लावला जातो. म्हणून जरा थांबून पाहू.

सकाळी अ नं ब ला १०० शेअर विकले. व्हॉल्यूम १००. दुपारी ब नं ते क ला विकले. व्हॉल्यूम २००. अडीच वाजता क नं ते ड ला विकले. व्हॉल्यूम ३००. दिवस संपला. ब आणि क यांचा हिशेब शून्य झाला, कारण घेतले तेवढे त्यांनी विकले. खात्यातून खात्यात गेले ते फक्त अ कडून ड कडे १०० शेअर. डिलिव्हरी १००, व्हॉल्यूम ३००, टक्केवारी ३३.३३. मधले दोघे नसते आणि अ नं थेट ड ला विकले असते, तर डिलिव्हरी तीच १०० राहिली असती आणि टक्केवारी १०० दिसली असती. मालकी दोन्ही वेळा सारखीच बदलली.

म्हणजे टक्केवारी खाली येण्याचं कारण अनेकदा छेदात असतं. एखाद्या शेअरमध्ये रोज दहा लाख शेअर फिरतात आणि ५० टक्के डिलिव्हरी असते, म्हणजे पाच लाख. तिमाही निकालाच्या दिवशी साठ लाख फिरले आणि टक्केवारी २५ वर आली. 'डिलिव्हरी निम्मी झाली, सगळे सट्टेबाज आहेत' अशी प्रतिक्रिया लगेच येते. साठ लाखांचे २५ टक्के पंधरा लाख होतात. डिलिव्हरी तिप्पट झाली आहे. टक्केवारी पाहण्याआधी संख्या पाहा, आणि तीही रोजच्या सरासरीशी ताडून.

उलट बाजूही आहे. टी गटातल्या, म्हणजे ज्यांत प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची केलेली असते अशा शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, करताच येत नाही. तिथे १०० टक्के डिलिव्हरी हा नियमाचा परिणाम असतो. 'शंभर टक्के डिलिव्हरीनं घेतलाय लोकांनी' असा संदेश अशा शेअरबद्दल आला तर पाठवणाऱ्याला गट कोणता ते विचारा. बहुतेक वेळा एक्स्चेंजनं तो शेअर देखरेखीखाली टाकलेला असतो.

आणि डिलिव्हरी घेणारा प्रत्येक जण शेअर वाढेल म्हणूनच घेतो असंही नाही. काही जण रोख बाजारात शेअर घेतात आणि त्याच क्षणी त्याचं फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावानं देण्याचा करार, विकतात. दोन भावांतला फरक हाच त्यांचा नफा. त्यांची डिलिव्हरी रकान्यात पूर्ण मोजली जाते, पण शेअरबद्दल त्यांचं काहीच मत नसतं.

फार मागचे आकडे चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. जुलै २००१ पर्यंत आपल्याकडे बदला पद्धत होती, सौदे पुढच्या सेटलमेंटवर ढकलता येत. आता टी प्लस वन आहे, सौद्यानंतरच्या कामाच्या दिवशी शेअर खात्यात. हा बदल २७ जानेवारी २०२३ ला पूर्ण झाला. २००० सालची डिलिव्हरी आणि आजची डिलिव्हरी एकाच आलेखात काढणं निरर्थक आहे.

लाखो कोटींची हवा

आता त्या आकड्याकडे येऊ ज्यानं सामान्य वाचकाचे डोळे फिरतात: फ्युचर्स-ऑप्शन्सची 'शेकडो लाख कोटींची' दैनंदिन उलाढाल. एवढा पैसा येतो कुठून?

येत नाही. निफ्टी निर्देशांकाचा २५,००० स्ट्राइकचा कॉल (म्हणजे २५,००० या ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क) ४० रुपये प्रीमियमला, म्हणजे हक्काच्या किमतीला, मिळतोय आणि लॉट, म्हणजे एका करारातली नगसंख्या, ७५ चा आहे असं धरा. घेणारा खिशातून देतो ४० गुणिले ७५, म्हणजे ३,००० रुपये. ही प्रीमियम उलाढाल. एनएसईच्या व्याख्येनुसार नोशनल, म्हणजे कागदोपत्री, उलाढाल मोजताना मात्र स्ट्राइक अधिक प्रीमियम, गुणिले संख्या असा हिशेब होतो: २५,०४० गुणिले ७५, म्हणजे १८ लाख ७८ हजार रुपये. तीन हजार रुपये हलले, मोजले गेले पावणेएकोणीस लाख. ६२६ पट.

एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या दिवशी, दुपारी हाच कॉल दोन रुपयांवर आला. आता लॉटचे १५० रुपये. नोशनल आकडा १८ लाख ७५ हजार १५०. साडेबारा हजार पट. ऑप्शन जितका स्वस्त, तितकी नोशनल उलाढाल प्रत्यक्ष पैशाच्या मानानं फुगते, आणि एक्स्पायरीच्या दिवशी तर असे स्वस्त ऑप्शन धो धो फिरतात. साप्ताहिक एक्स्पायरीच्या दिवशी उलाढालीचे 'विक्रम' का होत, त्याचं अर्धं उत्तर या गुणाकारात आहे. फ्युचरची गोष्ट वेगळी: तिथे नोशनल आकडाच धरतात, आणि नफा-तोटाही जवळपास पूर्ण रकमेवर होत असल्यामुळे तो फारसा फसवा नाही.

हा वाद पुस्तकी नाही. २०२४ च्या एप्रिलअखेर सेबीनं बीएसईला कळवलं की नियामक शुल्क नोशनल उलाढालीवर भरायला हवं होतं. बीएसई ते प्रीमियमच्या हिशेबानं भरत आलं होतं. बीएसईनं स्वतः जाहीर केलेल्या हिशेबानुसार फरक साधारण १६५ कोटी रुपयांचा होता, वर जीएसटी. २९ एप्रिलला बाजार उघडताच बीएसईचा शेअर जोरात आपटला. उलाढाल म्हणजे काय, या एका व्याख्येवरून.

करारांच्या संख्येचंही तसंच. एनएसई करारांच्या संख्येनुसार जगातलं सर्वात मोठं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचं) एक्स्चेंज आहे हे आपण अभिमानानं वाचतो. पण करार किती मोठा, हे ज्या त्या देशात वेगळं. आपल्याकडेच एप्रिल २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट ५० वरून २५ झाला, आणि त्याच वर्षी सेबीनं कराराचा किमान आकार १५ लाख रुपये केल्यावर नोव्हेंबरपासून नव्या करारांसाठी ७५ झाला. कुणीही आपला पैसा कमी-जास्त न करता करारांची संख्या आधी दुप्पट आणि मग एकतृतीयांश होऊ शकते. त्याच नोव्हेंबरात प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायची परवानगी उरली. २०२४ च्या आधीच्या आणि नंतरच्या ऑप्शन व्हॉल्यूमचा आलेख कुणी एकाच रेषेत काढून दाखवला तर ती रेषा या दोन ठिकाणी तुटलेली आहे हे लक्षात असू द्या.

व्हॉल्यूम आणि ओपन इंटरेस्ट यांचीही गल्लत होते. अ नं ब ला नवीन करार विकला: व्हॉल्यूम १, ओपन इंटरेस्ट १. ब नं तो क ला विकला: व्हॉल्यूम २, ओपन इंटरेस्ट १ च. क नं तो अ ला परत विकला: व्हॉल्यूम ३, ओपन इंटरेस्ट शून्य. पहिला आकडा दिवसभरात किती हालचाल झाली ते सांगतो, दुसरा रात्री किती करार उभे राहिले ते.

आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना 'उलाढाल' पुन्हा रूप बदलते. फ्युचर्स-ऑप्शन्सचा व्यवसाय दाखवताना तिथे नफा आणि तोटा दोन्ही चिन्ह न पाहता जोडतात. एका सौद्यात ८,००० मिळाले, दुसऱ्यात ५,००० गेले, तर उलाढाल १३,०००. नोशनल आकडा कोटीत असला तरी इथे तेरा हजारच. ॲपवरचा मोठा आकडा पाहून टॅक्स ऑडिटच्या भीतीनं झोप उडालेली माणसं मी पाहिली आहेत.

कुठल्या दिवसाशी ताडायचं

'सरासरीच्या तिप्पट व्हॉल्यूम' म्हणताना सरासरी कुठल्या दिवसांची, हे पाहावं. मुहूर्ताच्या सौद्यांचं सत्र तासाभराचं असतं. २ मार्च २०२४ ला शनिवारी पर्यायी केंद्राची चाचणी म्हणून बाजार थोडाच वेळ उघडला होता. असे दिवस वीस दिवसांच्या सरासरीत आले की सरासरी खाली ओढली जाते आणि पुढचा साधा दिवसही मोठा वाटतो. उलट एमएससीआय या जागतिक निर्देशांकांचे बदल अमलात येतात ते दिवस, किंवा निफ्टीतले फेरबदल लागू होतात तो मार्च आणि सप्टेंबरचा शेवट: निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडांना ठरलेल्या दिवशी, शक्यतो बंद भावालाच घ्यायचं-विकायचं असतं. सगळा व्हॉल्यूम शेवटच्या अर्ध्या तासात कोंबला जातो. त्यात कुणाचं मत शोधू नये.

निफ्टीच्या चार्टखाली जो व्हॉल्यूम दिसतो तो तर पन्नास कंपन्यांच्या शेअरची बेरीज असते, निर्देशांक स्वतः काही फिरत नाही. हजारांतला शेअर आणि शंभरातला शेअर नगावर मोजून केलेल्या त्या बेरजेचा मला आजवर काहीही उपयोग झालेला नाही.

फुगवलेला व्हॉल्यूम हा वेगळा विषय आहे, पण एवढं सांगून ठेवतो. अ नं ब ला, ब नं क ला आणि क नं परत अ ला, असे शेअर गोल फिरवले की रकान्यात गर्दी दिसते आणि बाहेरचा माणूस ओढला जातो. सेबीचे २००३ चे नियम अशा देखाव्याच्या सौद्यांना, ज्यांत मालकी खरोखर बदलायचा हेतूच नाही, फसवणूक मानतात. भावकॉपीत हे थेट दिसत नाही. पण लहानशा कंपनीत, बातमी नसताना, रोज जवळपास तेवढ्याच व्हॉल्यूमनं आणि मोजक्या सौद्यांत भाव चढत असेल, तर मी लांब राहतो.

मोठा व्हॉल्यूम म्हणजे सहज विकता येईल, हेही अर्धंच खरं. निफ्टी ५० मध्ये घेताना एनएसई नुसती उलाढाल पाहत नाही. दहा कोटींच्या खरेदीसाठी सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट, म्हणजे मोठी ऑर्डर टाकल्यानं भाव स्वतःच्याच विरोधात किती सरकतो, ती सहा महिन्यांतल्या ९० टक्के निरीक्षणांत अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असावी लागते. काल पाच कोटींचे शेअर फिरले म्हणून आज तुमचे पाच कोटींचे शेअर कुणी घेईलच असं नाही.

व्हॉल्यूम नसला की भावाचं काय होतं, त्याचं आपल्याकडचं सर्वात टोकाचं उदाहरण म्हणजे एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स. या कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत आणि त्यांच्या किमतीच्या हिशेबानं एल्सिडच्या एका शेअरमागची मालमत्ता लाखांत जात होती. बाजारातला भाव मात्र ३ रुपये ५३ पैसे. २९ ऑक्टोबर २०२४ ला भाव शोधण्यासाठी विशेष लिलाव ठेवला, तेव्हा तो सव्वादोन लाखांवर उघडला आणि त्याच दिवशी २,३६,२५० वर गेला. एका दिवसात शेअर हजारो पट वाढला असे मथळे आले. त्याआधीच्या काळात ३ रुपये ५३ पैसे हा भाव पाहून ज्यांनी खरेदीची ऑर्डर लावून ठेवली होती, त्यांना शेअर मिळत नव्हता. त्या भावाला विकणारं कुणी नव्हतंच.